न भेटलेला शेजारी

आपला शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले, तेव्हा प्रभूने शेजाऱ्याची व्याख्या सांगितली नाही. त्याने एक रस्ता दाखविला. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणाऱ्या त्या रस्त्यावर एक मनुष्य अर्धमेला पडला होता. याजक व लेवी हे धर्मसेवक असूनही दुसऱ्या बाजूने निघून गेले. परका शोमरोनी मात्र जवळ गेला (लूक १०). दाखल्याचा सगळा जोर ह्या जवळ जाण्यावर आहे. शेजारपण हे जन्माने मिळत नाही, ते पावलांनी मिळवावे लागते, हे प्रभूने त्या शास्त्र्याला शिकविले.

परंतु जेथे पावलांनी जाताच येत नाही, तेथे काय करावे? असे समजू या की, बेळगावच्या महाविद्यालयातील एक मुलगी घरच्या टेबलाशी बसून जपान, जर्मनी आणि अमेरिकेतील ओहायो येथील विद्यार्थ्यांबरोबर एक प्रकल्प पुरा करीत आहे. चौघांनी मिळून एक अहवाल लिहावयाचा आहे. पडद्यावर एकमेकांचे चेहरे दिसतात, आवाज ऐकू येतो. पण कोणी कोणाच्या घरी चहा घेतलेला नाही, कोणी कोणाच्या आईला पाहिलेले नाही. दोन-अडीच महिन्यांनी अहवाल जातो, गुण मिळतात, आणि बहुधा ती चौघे पुन्हा कधीही भेटत नाहीत. ह्या मुलीने त्या तिघांना आपले शेजारी म्हणावे काय? आणि ह्या कामातून तिला जे परसंस्कृतीशी वागण्याचे कौशल्य येते असे विद्यापीठे सांगतात, ते कौशल्य आणि प्रभूने आज्ञापिलेली शेजारप्रीती ही एकच आहेत काय? आपल्या मंडळ्यांतील मुलामुलींपुढेही असे काम केव्हाही येऊ शकते. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. फ्रान्समधील सेलेस्तिन फ्रेने नावाचा शिक्षक पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परतला. त्याने १९२० च्या दशकात आपल्या खेड्यातील शाळेत एक लहानसे छापण्याचे यंत्र आणले. मुले आपल्या गावाविषयी लिहीत, स्वतःच छापीत, आणि तीं पाने दूर ब्रिटनी प्रांतातील समुद्रकाठच्या शाळेला टपालाने पाठवीत. तिकडून तशीच पाने येत. डोंगराकडच्या मुलांना कोळ्यांचे जीवन कळू लागले, आणि कोळ्यांच्या मुलांना डोंगराचे. पुढे १९८८ मध्ये, अमेरिका व सोव्हिएत रशिया ह्यांच्यातील शीतयुद्ध अजून संपले नव्हते अशा वेळी, न्यूयॉर्क राज्यातील व मॉस्कोतील काही शाळांनी दूरसंचाराच्या साधनांनी मिळून काम करण्यास आरंभ केला. त्यातूनच ‘आयअर्न’ ही आंतरराष्ट्रीय शाळांची संघटना वाढली. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठात चित्रपटकला शिकविणारे प्राध्यापक जॉन रुबिन ह्यांच्या खटपटीने २००६ मध्ये अशा सहशिक्षणासाठी एक केंद्रच निघाले. ह्या पद्धतीला ‘कॉइल’ असे नाव पडले आहे. दोन देशांतील दोन शिक्षक आपापले वर्ग जोडतात आणि विद्यार्थी मिश्र गटांत काम करतात. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना येथील ग्रीन्सबरोच्या विद्यापीठातून ‘एक्स-कल्चर’ हा प्रकल्प निघाला. त्यात निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांचे लहान लहान संघ करून त्यांस व्यापारातील खऱ्या अडचणी सोडविण्यास देतात. २०२० साली कोविडच्या साथीने परदेशप्रवास थांबला, तेव्हा अनेक विद्यापीठांना ह्या वाटेची नव्याने आठवण झाली.

ह्यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, पडद्यावरची ओळख ही ओळखच नव्हे. ख्रिस्ती मनुष्याने हा आक्षेप घाईने मान्य करू नये, आणि घाईने झिडकारूही नये. आपल्या नव्या करारातील कितीतरी पुस्तके ही पत्रे आहेत. पौलाने रोमच्या मंडळीला आपले सर्वांत विस्तृत पत्र लिहिले तेव्हा तो रोमला गेलेला नव्हता. कलस्सैकरांच्या पत्रात तर तो स्पष्टच म्हणतो की, ज्यांनी आपले तोंड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आपण केवढे श्रम करीत आहोत हे त्यांना कळावे, आपण देहाने दूर असलो तरी आत्म्याने त्यांच्याजवळ आहोत (कलस्सै. २). तेव्हा न पाहिलेल्या माणसावर प्रीती करता येते, त्याच्यासाठी श्रम करता येतात, ह्याला पवित्र शास्त्राचाच आधार आहे.

पण त्याच शास्त्रात दुसरी बाजूही आहे. रोमकरांना लिहिताना पौल त्यांच्या भेटीची उत्कंठा लपवीत नाही. योहानाच्या दुसऱ्या पत्राचा लेखक तर शेवटी सांगतो की, लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते कागद व शाई ह्यांनी लिहिण्याची आपली इच्छा नाही. समोरासमोर बोलावे आणि आनंद पूर्ण व्हावा अशी आशा आहे. पत्राने प्रीती पोचते, पण आनंद पूर्ण होण्यासाठी भेटच लागते. स्वतः देवही संदेष्ट्यांच्या द्वारे बोलून थांबला नाही. शब्द देही झाला. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, पडद्यावरील सहकार्य हा रस्ता आहे, घर नव्हे. जो रस्त्यालाच घर समजतो तो फसतो. आणि घर नाही म्हणून रस्त्यावर पाऊलच टाकीत नाही, तो कोठेही पोचत नाही.

आता ‘कौशल्य’ ह्या शब्दाकडे वळू. विद्यापीठे हा शब्द वापरतात त्यामागे एक साधा हिशेब असतो. आजचा धंदा अनेक देशांत पसरला आहे, आणि परक्या लोकांबरोबर काम करण्याची हातोटी असलेल्याला नोकरी मिळते. ह्यात निंद्य असे काही नाही. मुलांनी पोट भरावे हे देवाच्या इच्छेविरुद्ध नाही. पण येथे एक सूक्ष्म धोका आहे. जपानी सोबत्याच्या रीतीभाती मी शिकलो त्या कशासाठी? त्याचा मान राखला जावा म्हणून, की त्याच्याकडून माझे काम सुरळीत निघावे म्हणून? वरून दोन्ही सारखेच दिसते. दोघेही नम्रपणे बोलतील, दोघेही योग्य वेळी हसतील. हुशार व्यापारीही गिऱ्हाइकाची भाषा शिकतो. मनुष्य हा साधन नव्हे, तो साध्य आहे, असे जर्मन तत्त्ववेत्ता कांट ह्याने अठराव्या शतकात शिकविले. आपण त्याच्याही आधीपासून मानतो की प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिमेचा आहे. देवाच्या प्रतिमेचा उपयोग शिडीच्या पायरीसारखा करता येत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, तर मग प्रीतीच पुरे, कौशल्याची गरजच काय? हेही खरे नव्हे. प्रीती आहे पण समज नाही, अशा माणसाच्या हातून पुष्कळ दुखापत होते. पौल यहूद्यांना यहूद्यासारखा आणि नियमशास्त्राबाहेरच्यांना त्यांच्यासारखा झाला (१ करिंथ. ९). हे मनात नुसता कळवळा असून साधत नाही. त्यासाठी दुसऱ्याच्या चालीरीती नीट समजून घ्याव्या लागतात. मात्र त्या अध्यायात पौल स्वतःला सर्वांचा दास म्हणवितो हे विसरू नये. व्यापाऱ्याची आणि प्रेषिताची हातोटी एकसारखी दिसली तरी फरक येथे कळतो की, एक काही मिळवावयास शिकतो, आणि दुसरा स्वतःचे काही सोडावयास तयार होऊन शिकतो. म्हणून परीक्षेचा प्रश्न असा: दुसऱ्याला समजून घेताना मी माझे काय सोडले?

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून त्या चौघांच्या कामातच तो लावून पाहू.

प्रथम वेळेची गोष्ट घ्या. ओहायोच्या विद्यार्थ्याला हिवाळ्यात संध्याकाळी ५ वाजता, तास संपल्यावर, बैठक सोईची वाटते. त्या वेळी जर्मनीत रात्रीचे ११ वाजलेले असतात, जपानमध्ये दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ७, आणि बेळगावात पहाटेचे साडेतीन. ओहायोच्या मुलाच्या मनात वाईट काही नाही. त्याने फक्त घड्याळ आपल्या भिंतीवरचे पाहिले. उलट बेळगावच्या मुलीने रात्री साडेआठची वेळ सुचविली, तर ओहायोत सकाळचे १० आणि जर्मनीत दुपारचे ४ असतात, पण जपानमध्ये मध्यरात्र उलटत असते. पृथ्वी वाटोळी असल्यामुळे सर्वांना सोईची वेळ नाहीच. कोणाची तरी झोप जाणार. न्याय इतकाच की, ती दर वेळी एकाचीच जाऊ नये. कोणाच्या झोपेवर आपली बैठक उभी आहे, हे विचारणे हीच परसंस्कृतीच्या शिक्षणाची मुळाक्षरे होत.

दुसरी गोष्ट भाषेची. बैठक इंग्रजीत होते. ज्याची ती मातृभाषा आहे तो विचार करतानाच बोलतो. बाकीच्यांना आधी मनात भाषांतर करावे लागते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. मग गप्प राहिलेल्याला काही कळत नाही, असा समज होतो. शास्ते ह्या पुस्तकात यार्देनेच्या उतारावर एका शब्दाच्या उच्चारावरून बेचाळीस हजार एफ्राइमी मारले गेल्याची भयंकर कथा आहे (शास्ते १२). आज कोणी तलवार उपसत नाही. पण उच्चारावरून माणसाची बुद्धी तोलण्याची खोड गेलेली नाही.

ह्या विषमतेवर आद्य मंडळीने जो उपाय केला तो आजच्या प्रत्येक संघाने अभ्यासावा. यरुशलेमेत ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली की, रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते (प्रे. कृ. ६). प्रेषितांनी त्यांना सहनशीलतेचा उपदेश करून परत पाठविले नाही. सात जण निवडण्यात आले, आणि त्या साताही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे तक्रार करणाऱ्या बाजूच्या माणसांच्याच हाती वाटणीचे काम दिले गेले असे दिसते. मंडळीने सहानुभूती तर दिलीच, पण अधिकारही दिला. विद्यार्थ्यांच्या संघातही मागे पडणाऱ्याला नुसते ‘तूही बोल ना’ म्हणून भागत नाही. बैठकीचे अध्यक्षपद एकदा त्याच्याकडे द्यावे, मुद्दे आदल्या दिवशी लिहून पाठवावेत, म्हणजे त्याला आपले उत्तर तयार करता येते.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांना झोंबणारी आहे, पण ती सांगितली पाहिजे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल ह्यांनी १९७६ मध्ये असा भेद मांडला की, काही समाजांत अर्थ शब्दांतच असतो, तर काही समाजांत तो प्रसंग, नाते व मौन ह्यांत असतो. जर्मन विद्यार्थी ‘हे परिच्छेद चुकीचे आहेत’ असे तोंडावर सांगतो. त्याच्या मते तो कामाविषयी बोलला, माणसाविषयी नव्हे. आपली मुलगी मात्र दिवसभर उदास राहते. उलट तो विचारतो, ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ आणि ती ‘हो, होईल’ म्हणते. होणार नाही हे तिला ठाऊक असते. पण तोंडावर नाही म्हणणे तिला उद्धटपणाचे वाटते. शुक्रवारी काम येत नाही. तिच्या दृष्टीने तिने मान राखला. त्याच्या दृष्टीने ती खोटे बोलली.

खरे कोणाचे? येथे केवळ ‘ज्याची त्याची संस्कृती’ म्हणून सुटता येणार नाही. प्रभूने दोन पुत्रांचा दाखला सांगितला आहे (मत्तय २१). द्राक्षमळ्यात जा असे बापाने सांगितल्यावर एकाने नकार दिला, पण नंतर पस्तावून तो गेला. दुसरा अदबीने जातो म्हणाला, पण गेला नाही. बापाची इच्छा कोणी पाळली, असे प्रभूने विचारले, आणि ऐकणाऱ्यांना उत्तर पहिल्याच्या बाजूने द्यावे लागले. आपण आदबीला फार जपतो, आणि आदब ही देणगीच आहे; परंतु आदबीने दिलेला खोटा होकार दुसऱ्यावर भार टाकतो. त्याने आपल्या शब्दावर पुढचे काम रचलेले असते. तेव्हा आपल्या मुलीने जर्मन सोबत्याकडून स्पष्ट ‘नाही’ म्हणावयास शिकावे. आणि जर्मन सोबत्यानेही तिच्याकडून शिकावे की, सत्य सांगताना माणूस तोडण्याची गरज नसते. प्रीतीने सत्य बोलावे असे एफेसकरांच्या पत्रात शिकविले आहे. परसंस्कृतीचे खरे शिक्षण हे दोघांनी आपापल्या जागी स्वस्थ राहणे नव्हे, तर सत्यासमोर दोघांनीही आपापल्या जागेवरून थोडे हलणे होय.

चौथी गोष्ट गुणांची. ‘एक्स-कल्चर’सारख्या प्रकल्पांत संघातील सोबती एकमेकांच्या कामाचे मूल्यमापन करतात, आणि जो काहीच करीत नाही त्याला वगळण्याचीही तरतूद असते. येथे खरा नैतिक पेच उभा राहतो. एक सोबती दोन आठवडे गप्प आहे. त्याला कमी गुण द्यावे, तर कदाचित त्याच्या घरी आजारपण असेल, वीज गेली असेल; पुरे गुण द्यावे, तर ज्यांनी रात्री जागून काम केले त्यांच्यावर अन्याय होतो. गलतीकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ह्याचे उत्तर सापडते असे आम्हांस वाटते. तेथे दुसऱ्या वचनात पौल एकमेकांची ओझी वाहावयास सांगतो, आणि पाचव्या वचनात प्रत्येकाने आपला स्वतःचा भार वाहिला पाहिजे असे म्हणतो. ही विसंगती नाही. मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत: एक मनुष्याला दाबून टाकणारे ओझे, आणि दुसरा ज्याने त्याने वागवावयाचा आपला भार. तेव्हा आधी विचारावे, मग गुण द्यावे. ‘तू काम का केले नाहीस?’ असे विचारू नये; ‘तुझ्याकडे सर्व ठीक आहे ना?’ असे एकांतात विचारावे. ओझे असेल तर ते वाटून घ्यावे. ओझे नसून केवळ आळस असेल, तर खोटे गुण देणे ही दया नव्हे. तीही एक लबाडीच होय, आणि तिने त्या आळशाचेही भले होत नाही.

अशा कामाने मने खरोखर बदलतात काय? गॉर्डन ऑलपोर्ट ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहाच्या स्वरूपावर ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले की, दोन गटांची नुसती गाठ पडून भागत नाही. दर्जा समान असावा, ध्येय एक असावे, काम सहकार्याचे असावे, आणि अधिकाऱ्यांचा त्याला पाठिंबा असावा. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू व ट्रॉप ह्यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संबंधाने पूर्वग्रह सामान्यतः कमी होतो आणि ह्या अटी पाळल्या तर अधिक कमी होतो, असे त्यांना आढळले. विद्यार्थ्यांच्या संघात ध्येय एक असते, सहकार्य असते, शिक्षकांचा पाठिंबाही असतो. समान दर्जा ही अटच तेवढी आपोआप पुरी होत नाही. ती वेळ, भाषा व गुण ह्यांच्या न्याय्य वाटणीने पुरी करावी लागते. वर सांगितलेल्या लहानसहान गोष्टी म्हणूनच लहान नाहीत.

शेवटी एक प्रश्न आपल्या घरातला. आपण बेळगावात, हैदराबादेत, वडोदऱ्यात, इंदुरात राहणारे मराठी ख्रिस्ती. आपल्याभोवती कन्नड, तेलुगू, गुजराती, हिंदी बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, आणि त्यांत प्रभूची लेकरेही आहेत. आपली मुलगी ओसाकाच्या मुलाच्या चालीरीती अभ्यासते हे उत्तमच. पण पलीकडच्या गल्लीतील कन्नड मंडळीत तिची एकही मैत्रीण नसेल, तर ह्या शिक्षणाला काय म्हणावे? डोळ्यांना दिसणाऱ्या बंधूवर जो प्रीती करीत नाही त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येत नाही, असे योहान म्हणतो. न दिसणाऱ्या सोबत्यालाही हेच लागू पडते. दूरच्यावर प्रीती करणे एका अर्थी स्वस्त असते. बैठक संपली की पडदा बंद करता येतो. शेजारची गल्ली बंद करता येत नाही. तेव्हा दूरच्या संघात शिकलेली गोष्ट जवळच्या गल्लीत उपयोगी पडली, तरच ती खरोखर शिकली गेली असे समजावे. आपल्या तरुण संघांनी वर्षातून एखादे काम दुसऱ्या भाषेच्या मंडळीबरोबर मिळून करावे: नाताळचा कार्यक्रम नव्हे, तर काम, हिशेब, खर्च, झाडलोट आणि मतभेद ह्यांसह.

म्हणून आम्ही आरंभीच्या प्रश्नाला असे उत्तर देऊ की, होय, न भेटलेला सोबतीही शेजारी होऊ शकतो, परंतु आपोआप नव्हे. त्याच्यासाठी आपण आपली सोय, आपली भाषा, आपली आदब, आपले गुण ह्यांपैकी काही खाली ठेवले, तर तितके आपण त्याच्या जवळ गेलो. त्या शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, तेथेच त्याचा हिशेब संपला असता तर कोणी दोष दिला नसता. पण आणखी खर्च झाल्यास परत येईन तेव्हा देईन, असे तो सांगून गेला. प्रकल्प संपतो, गुण मिळतात, पडदा मावळतो. त्यानंतर ज्या विद्यार्थ्याची एखाद्या दूरच्या सोबत्याकडे अजून काही देणी उरली आहेत, मग ते एक पत्र असो, विचारपूस असो, की त्याचे नाव घेऊन केलेली प्रार्थना असो, त्याला कौशल्याहून अधिक काही मिळाले आहे. आपल्या मुलामुलींना प्रभू हे अधिक देवो, आणि ते त्यांना शिकविण्याइतके आपल्यापाशीही असो.